दूध पुरतंय का? पहिल्या तासापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत

बाळंतिणीला भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक प्रश्न हमखास विचारतं: "दूध पुरतंय ना गं बाळाला?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण तोच प्रश्न चार जणांकडून ऐकला की आईलाच शंका येऊ लागते, आणि त्या शंकेपायी पावडरचा डबा घरात येतो. मी नोकरी सांभाळून बाळाला अंगावर पाजलं आहे. ओळखीतली कुणी बाळंत झाली की तिला जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. दूध पुरतंय का हे ओळखायच्या ठरलेल्या खुणा आहेत. बाळ सहा महिन्यांचं झालं की हाच प्रश्न दुधाकडून चमच्यातल्या घासाकडे वळतो, त्याच्याही खुणा आहेत.

बाळ पूर्ण दिवसांचं आणि ठणठणीत आहे असं धरून हे लिहिलं आहे. वेळेआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाला कसं आणि किती पाजायचं हे डॉक्टर सांगतील तसंच करा.

आधी जमवून ठेवा

- माता बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणाची नोंदणी करतानाच मिळतं. लसी आणि वजनाचा तक्ता यातच असतो, हरवू देऊ नका.
- आईचं आधार कार्ड आणि आधारशी जोडलेलं तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत करता येतो.
- सुती लंगोट, निदान पहिल्या दोन आठवड्यांसाठी. कारण पुढे येईलच.
- स्टीलची छोटी वाटी, चमचा आणि मिळालं तर बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं). दुधाची बाटली आणू नका.
- पाठीला टेकायला आणि मांडीवर घ्यायला दोन-तीन घट्ट उशा.

१. पहिला तास

जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून पांघरायचं. सीझर झालं असलं तरी आई शुद्धीवर असेल तर हे जमतं. मात्र आधी बोलून ठेवावं लागतं. प्रसूतीच्या वेळी बरोबर असणाऱ्या माणसाला नीट सांगून ठेवा: "बाळ आधी तिच्याजवळ द्या म्हणावं, आणि वरचं काही पाजू नका."

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. थोडा असतो म्हणूनच "हिला दूधच नाही" अशी हाकाटी होते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं, आणि तेवढाच चीक येतो. त्यात रोगप्रतिकारक द्रव्यं आणि अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. तो पिळून टाकू नका. मधाचं बोट किंवा साखरपाणीही नको. खरा पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सीझरनंतर कधी कधी थोडा उशिरा.

आई अतिदक्षता विभागात असेल किंवा बाळ अगदी नाजूक असेल, तर जवळपास मातृदुग्ध पेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना पुरवणारी सोय, आहे का हे डॉक्टरांना विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत.

२. पकड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्तनाग्रांना पडणाऱ्या चिरा, दूध साचून होणाऱ्या गाठी, बाळाचं न वाढणारं वजन, यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ बाळाच्या चुकीच्या पकडीत असतं.

पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसा. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घ्या, म्हणजे त्याची मान तुमच्या तळहातात येते आणि डोकं मागे कलायला मोकळं राहतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पिणं बाळालाही जड जातं, तुम्ही मान वळवून पाणी पिऊन बघा.

डाव्या हाताने स्तन खालून धरा. बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागापासून लांब ठेवा आणि मोठा वडापाव तोंडात जावा म्हणून आपण दाबतो, तसा स्तन बाळाच्या ओठांच्या दिशेने हलका दाबा. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की बाळाला चटकन जवळ ओढा. बाळ स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे वाकवायचा नाही.

पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. गाल आत ओढले जात नाहीत. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज येतो. चकचक आवाज येत असेल किंवा सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही दुखतच असेल, तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. "सुरुवातीला दुखतंच" म्हणून सोसत बसू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे या विषयावरचे व्हिडिओ मराठीत आहेत. बाळंतपणाआधीच बघून ठेवा, आणि नवऱ्यालाही दाखवा, कारण बाजूने बघणाऱ्याला पकड जास्त नीट दिसते.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, मग दुसरी. पाजण्याच्या शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. पाच मिनिटांत बाजू बदलली तर बाळाच्या वाट्याला ते कमी येतं.

३. पुरतंय का? लंगोट आणि वजन बघा

पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि फिकट रंगाची शू, ही पहिली खूण. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून सुरुवातीला लंगोट. काळी चिकट शी चार-पाच दिवसांत पिवळी व्हायला हवी. दुसरी खूण वजन. पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत यावं आणि पुढचे तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावं. वजन दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून करा.

या दोन्ही खुणा ठीक असतील तर दूध पुरतंय. बाळ रडतं म्हणून पुरत नाही, असं नसतं. संध्याकाळी ते तासातासाला मागतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास दोन-तीन दिवस छाती सोडतच नाही. वाढीच्या झपाट्यात असं होतं. महिना-दीड महिन्याने छाती आधीसारखी टणक भरत नाही, तेव्हाही दूध आटलेलं नसतं, शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. रात्रीचं पाजणं टाळू नका, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

खरा सापळा असा असतो: शंकेने एक वाटी वरचं दूध दिलं, बाळ तीन तास झोपलं, तेवढा वेळ स्तन रिकामे झाले नाहीत. रिकामे झाले नाहीत म्हणून दूध कमी बनलं, आणि शंका खरी ठरली. दूध वाढवायचा मुख्य उपाय म्हणजे नीट पकडीने जास्त वेळा पाजणं.

मोफत नमुना म्हणून कुणी पावडरचा डबा हातात देत असेल तर घेऊ नका. १९९२ चा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची, अन्नाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आणि असे नमुने वाटायला बंदी आहे. डॉक्टरांनी ठोस कारणासाठी पावडर लिहून दिली, तर ती जरूर द्या. त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. फक्त वाटी-चमच्याने द्या आणि डब्यावरच्या मापानेच करा, पाणी वाढवू नका.

४. घुटी, पाणी, ग्राइप वॉटर

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. चालतात ती फक्त डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० एकक, ते मात्र चुकवू नका.

बाळघुटीचा विषय घराघरांत नाजूक असतो. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, खारीक उगाळून चाटवण्यात आजीचा जीव गुंतलेला असतो. पण सहाण, हात, पाणी, काहीच निर्जंतुक नसतं आणि जुलाब होतात ते त्यातून. मध तर वर्षभर वर्ज्य, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. माझा अनुभव असा, की वाद घालण्यापेक्षा आजींना दवाखान्यात बरोबर न्यावं आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. मालिश, अंघोळ, ढेकर काढणं, अंगाई ही कामं पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावीत. त्यांना बाळाचं काहीतरी करायचं असतं, आणि करण्यासारखं खूप असतं.

५. आईचं ताट

पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, हे सगळं उत्तम आहे. अळिवात लोह भरपूर असतं. पण लाडवांनी ताट भरत नाही. डाळ, उसळ, अंडी, मासे, पालेभाज्या आणि फळं "बाळाला बाधतील" म्हणून बंद करू नका. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तर साफ चुकीची. पाजायला बसताना तांब्याभर पाणी शेजारी हवंच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, बऱ्याच जणी घरी आल्या की थांबवतात.

छातीत दुखरी गाठ, लाली आणि ताप आला तरी त्या बाजूने पाजणं थांबवू नका. थांबलं की दूध आणखी साचतं. दिवसभरात आराम नाही पडला तर डॉक्टरांकडे जा.

६. कामावर परतताना

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, त्याआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि दिवसात चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या, ही तरतूद १९६१ पासूनची आहे. रजा संपायच्या महिनाभर आधी वरिष्ठांना लेखी कळवा: दूध काढायला आतून कडी लागणारी जागा आणि फ्रिज लागेल. स्वच्छतागृहात दूध काढायला लावत असतील तर ठाम नकार द्या.

दोन-तीन आठवडे आधी सराव सुरू करा. सकाळचं पाजून झालं की तासाभराने हाताने दूध काढून बघा. हात धुवा, स्तन हलक्या हाताने चोळा, अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेवर ठेवून आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे. नुसतं स्तनाग्र ओढलं तर दुखतं आणि दूध येत नाही. पहिल्या दिवशी तळ झाकण्याइतकंच येईल. त्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका, बाळ कुठल्याही पंपापेक्षा जास्त ओढतं. पंप घेतलात तर प्रत्येक वापरानंतर त्याचे भाग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

साठवण: काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढी वाट बघू नका, लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवा. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस चालतं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पण फ्रिज दिवसभर उघडला जातो आणि वीज जाते, अशा घरात मी तरी चोवीस तासांत संपवा म्हणेन. दाराच्या कप्प्यात ठेवू नका. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा, एकेका डब्यात बाळ एका वेळी पिईल तेवढंच. वर सायीचा थर आला तर दूध नासलेलं नाही, हलकं फिरवलं की मिसळतं. देताना डबा कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. उष्टं राहिलेलं पुन्हा ठेवू नका.

ऑफिसात दर तीन तासांनी दूध काढा, एखादी वेळ चुकली तरी पुढची चुकवू नका. घरी असताना सरळ अंगावरच पाजा. बाळ दिवसा वाटीने कमी पिऊन रात्री भरपाई करतं, तेव्हा दमायला होतं. त्या महिन्यांत स्वयंपाक आणि कपडे दुसऱ्या कुणीतरी बघायचे, हे घरात आधीच ठरवून घ्या.

७. उष्टावण आणि त्यानंतरचा चमचा

सहा महिने म्हणजे १८० दिवस पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू. आधी नको, आणि मुहूर्तासाठी महिनाभर पुढे ढकलणंही नको. जन्मतः साठवलेलं लोह या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. उष्टावणाचा समारंभ सवडीने करा, घास वेळेवर सुरू करा.

आता मोठ्ठा सापळा: वरणाचं पाणी, भाताची पेज, डाळीचं पाणी. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा वाकडा केला तर घास लगेच ओघळू नये, इतकं अन्न घट्ट हवं. वरणातली डाळ घोटून द्या, पाणी तुम्ही प्या.

किती द्यायचं? दोन-तीन चमच्यांनी दिवसातून दोनदा सुरुवात. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, आणि मधे एक-दोन वेळा खाऊ. वाटी म्हणजे २५० मिलीची. घरातल्या वाट्या बहुधा लहान असतात, एकदा मापाने पाणी ओतून बघा.

काय द्यायचं? मऊ खिचडी, वरण-भात, रताळं, लाल भोपळा, केळं, दही, आणि प्रत्येक जेवणात चमचाभर तूप किंवा तेल. घरात खात असाल तर पूर्ण शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा आणि कोंबडीचं काळीज सहाव्या महिन्यानंतर चालतं, दात यायची वाट बघायची गरज नाही. शाकाहारी घरांत लोहाकडे जास्त लक्ष द्या: मसूर, मटकी, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि घासावर लिंबाचे दोन थेंब, त्याने लोह जास्त शोषलं जातं. शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट, तिळाचा कूट मिसळा. नवीन पदार्थ एकेक करून द्या, म्हणजे काही सोसलं नाही तर लगेच कळतं.

मोडाच्या नाचणीचं पीठ घरात असू द्या. नाचणी धुऊन रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, सावलीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजून दळा. मोडांमुळे पिठातला स्टार्च फुटतो, त्यामुळे जास्त पीठ घातलं तरी खीर मऊ राहते. तेवढ्याच वाटीत जास्त पोषण. शिवाय त्यातलं लोहही जास्त लागू पडतं. नुसतं गाळून काढलेलं सत्त्व दिलं तर कोंड्याबरोबर बरंच काही निघून जातं.

वर्षभर मीठ, साखर, गूळ काही नको, आणि गाईचं-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको, थोडंसं दही किंवा स्वयंपाकातलं दूध चालतं. चहा-बिस्किट कधीच नको, चहा लोह शोषू देत नाही आणि बिस्किट भूक मारतं. अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षं घशात अडकतात.

तोंड फिरवलं की थांबा. मोबाइल दाखवून किंवा नाक दाबून भरवलेला घास बाळाला जेवणाचा तिटकारा शिकवतो. नवा पदार्थ आठ-दहा वेळा नाकारून अकराव्यांदा आवडीने खाल्ला जातो.

८. अंगणवाडी

नोकरदार, शहरी घरांतल्या आया अंगणवाडीत जातच नाहीत. जा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, दर महिन्याला वजन होतं आणि कार्डावरच्या रेषेवर ठिपका पडतो. एका ठिपक्यावरून काही ठरवू नका, रेषा वर जाते आहे का ते बघा. सलग दोन महिने आडवी किंवा खाली गेली तर डॉक्टरांकडे. दंडाच्या पट्टीवर माप ११.५ सेंटीमीटरहून कमी आलं तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, १ मिली, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आशाताईंकडून मोफत मिळतं.

९. आजारपण, आणि दूध सोडवणं

जुलाबात पाजणं आणि भरवणं दोन्ही चालू ठेवा. ओआरएस द्या, आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक २० मिलीग्रॅम रोज, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा. बाळ मलूल असेल, काहीच पीत नसेल, सहा-आठ तास शू झाली नसेल किंवा शीतून रक्त जात असेल, तर घरी थांबू नका. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

दोन वर्षं आणि पुढेही, दोघांना हवं तोवर अंगावर पाजता येतं. "आता त्या दुधात काय राहिलंय" असं लोक म्हणतील, पण दुसऱ्या वर्षातही बाळाच्या गरजेचा मोठा वाटा त्यातून भागतो. सोडवायचं ठरलं तर कडुनिंब लावून एका दिवसात तोडू नका. आधी दुपारचं एक पाजणं बंद करा, त्या वेळी खाऊ किंवा खेळ द्या, आठवड्याने पुढचं. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. बाळ आजारी असताना, दात येताना किंवा पाळणाघर बदललं असताना हे सुरू करू नका. छाती जड झाली तर आराम पडेल इतकंच दूध काढा, पूर्ण रिकामी करू नका. सोडवल्यावर वरचं दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या पुढे नेऊ नका, नाहीतर मूल दुधावरच राहतं आणि पोळीभाजीला हात लावत नाही.